'देवराई' आणि 'आधार' हा शब्द

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा विकार म्हणून मराठी प्रेक्षकांसमोर ठेवला. त्या काळी या विकाराची चर्चा मुख्यतः चेतापेशी व डोपामिन यांभोवती फिरत असे. ग्लिया पेशी बहुधा निव्वळ 'आधारपेशी' मानल्या जात. वस्तुतः ॲस्ट्रोसाइट पेशी चेतासंधीतील जादा ग्लुटामेट शोषून घेतात, तर मायक्रोग्लिया पेशी अनावश्यक चेतासंधींची छाटणी करतात. २०१६ साली 'सी४' जनुकाच्या काही रूपांचा स्किझोफ्रेनियाच्या जोखमीशी संबंध दाखविला गेला. उंदरांमध्ये हाच जनुक या छाटणीत सहभागी असल्याचे आढळले. अर्थात, विकाराचे संपूर्ण कारण एवढ्याने हाती येत नाही.

पेशी आणि माणूस यांची तुलना फार ताणू नये. तरीही शेषच्या बहिणीला, सीनाला, केवळ त्याचा 'आधार' म्हणणे तितकेच अपुरे आहे. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील तालुक्यांत देवराया परिचयाच्या असल्याने येथील प्रेक्षकाचे लक्ष शेषच्या देवराईच्या ध्यासावर खिळणे स्वाभाविकच. परंतु त्याच्या भ्रमांसोबत राहणारी, त्याला उपचारांपर्यंत नेणारी सीना कथानक पुढे नेते. अतुल कुलकर्णी यांच्या अभिनयाचा गौरव करताना सोनाली कुलकर्णी यांची भूमिका 'साहाय्यक' ठरविणारी समीक्षा चित्रपटाचा निम्मा भाग वाचतच नाही.