शाळकरी मुलींचा आहार आणि दमा : एका अनुमानपद्धतीची चिकित्सा

आहार व दमा यांच्या संबंधाची चर्चा आज मुख्यतः ज्या सामग्रीवर आधारलेली असते, ती १९९१ साली आरंभ झालेल्या बालदम्याच्या आंतरराष्ट्रीय पाहणीची होय. मुंबई, पुणे व अकोला येथील केंद्रेही तीत होती. तिचे आहारविषयक निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन वा अधिक वेळा फळे खाणाऱ्या मुलांत तीव्र दम्याचे प्रमाण कमी, तर तितक्याच वेळा फास्ट फूड खाणाऱ्यांत ते अधिक आढळले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. हा भेद अभ्यासक प्रस्तावनेत मान्य करतात आणि उपसंहारात विसरतात.

हीच प्रश्नावली जामखेड तालुक्यातील खर्डा येथे नेली तर काय होईल? १७९५ च्या लढाईमुळे इतिहासास परिचित असलेला हा प्रदेश रब्बी ज्वारीचा आहे. येथे ‘आठवड्यातून किती वेळा फळे’ या प्रश्नाचे उत्तर मुलीच्या आवडीपेक्षा ऋतूवर अवलंबून राहील. सीताफळ दिवाळीच्या सुमारास, बोरे थंडीत. थंडीतच सर्दीपडसे बळावते आणि त्यामागोमाग दम्याची धाप लागते. मग दोष येतो तो बोरांवर.

याहून गंभीर घोटाळा चुलीचा आहे. भाकरी भाऊ खातो तशीच बहीणही खाते. परंतु भाकरी थापावयास बहीण बसते. गॅस आलेल्या घरांतही भाकरीसाठी चूल पेटतेच. तेव्हा भाकरी हे धान्याचे माप की धुराचे, हे प्रश्नावलीस सांगता येत नाही. अर्थात सारेच धुराच्या माथी मारणेही युक्त नव्हे : वयात येण्यापूर्वी मुलग्यांत आणि त्यानंतर स्त्रियांत दमा अधिक, ही उलथापालथ चुलीचा धूर नसलेल्या देशांतही आढळते.

तिसरी अडचण पथ्याची. धाप लागणाऱ्या मुलीचे दही, केळे, पेरू घरातील वडीलधारी माणसे आधीच बंद करतात. नंतर येणाऱ्या संशोधकास दमेकरी मुली फळे कमी खातात असे दिसते व तो फळांच्या अभावास कारण ठरवितो. येथे कार्यच कारणाच्या जागी बसले आहे. ही चूक केवळ तर्कशास्त्राची नाही. रक्तक्षयाने आधीच ग्रासलेल्या वयात, अधिहर्षतेचा पुरावा नसता मुलीच्या ताटातील थोडे पोषणही काढून घेतले जाते. आणि श्वासावाटे घ्यावयाचे औषध मात्र, ‘सवय लागेल’ किंवा ‘लग्नात अडचण येईल’ या भयाने, लपविले जाते वा टाळले जाते.

जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० साली आरंभिलेल्या आरोग्यप्रकल्पाने गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. खर्ड्याच्या परिसरात आहाराची नोंद घ्यावयाची असल्यास ती अशा स्त्रियांकडून, वर्षभर, ऋतुवार घेतली जावी. त्या नोंदीत मुलीने काय खाल्ले याच्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत : त्या दिवशी चुलीपाशी कोण बसले होते, आणि तिला काय खाऊ दिले नाही.