अद्भुताशी इमान राखणारा विनोद : ‘डिस्कवर्ल्ड’ कादंबरीमालेचे एक वाचन

टेरी प्रॅचेट (1948–2015) या इंग्रज लेखकाची ‘डिस्कवर्ल्ड’ ही विनोदी अद्भुत कादंबरीमाला 1983 मध्ये ‘द कलर ऑफ मॅजिक’ने सुरू झाली आणि लेखकाच्या निधनानंतर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द शेफर्ड्स क्राउन’ने संपली. 41 कादंबऱ्यांच्या या विस्तारात सर्वत्र वावरणारा असा एक नायक नाही, सलग कथानक नाही, आणि बहुतेक पुस्तकांत प्रकरणेही नाहीत. अवकाशातून पोहत जाणारे प्रचंड कासव, त्याच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींच्या पाठीवर थाळीसारखे सपाट जग, एवढी चौकट मात्र कायम असते. साहजिकच नव्या वाचकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो प्रवेशाचा : ही माला कोठून वाचावयास घ्यावी? प्रश्न वरवर व्यावहारिक दिसतो. परंतु त्याच्या उत्तरात या विनोदाच्या स्वरूपाविषयीचा एक निर्णय दडलेला आहे.

प्रकाशनक्रमाने वाचणाऱ्यास प्रथम भेटतो रिन्सविंड हा अपयशी जादूगार आणि त्याच्या गळ्यात पडलेला ट्वोफ्लॉवर हा त्या जगातील पहिला पर्यटक. ‘द कलर ऑफ मॅजिक’ ही कादंबरी बव्हंशी विडंबनावर उभी आहे. फ्रिट्झ लायबरच्या कथांतील बकाल नगर, ॲन मकॅफ्रीचे ड्रॅगनस्वार, लव्हक्राफ्टचे प्राचीन भयप्रद देव हे सारे तेथे उलटेपालटे होऊन येतात. ज्याने मूळ कृती वाचलेल्या नाहीत, त्याला येथे काहीतरी गमतीचे चालले आहे एवढे जाणवते. नेमके कशाला हसावयाचे ते उमगत नाही. विडंबनाची ही मर्यादा मराठी वाचकास परिचयाची आहे. अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’चा पूर्ण आस्वाद घेण्यासाठी रविकिरण मंडळाच्या कवितेची चाल कानात असावी लागते. आधारभूत कृती विस्मृतीत जाऊ लागली की विडंबनाला टीपांचा टेकू लागतो. भाषांतर व संस्कृत्यंतर यांत हे अधिकच तीव्रतेने घडते.

या संदर्भात भारतीय रसचर्चा उपयोगी पडते. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून आणि अद्भुताची वीरापासून सांगितली. हास्याच्या मुळाशी अनुकृती असल्याचेही त्याने नोंदविले. अभिनवगुप्ताने या विचाराचा विस्तार करून कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य संभवते असे प्रतिपादन केले. या परिभाषेत बोलावयाचे तर मालेतील आरंभीच्या दोन कादंबऱ्यांचे हास्य प्रामुख्याने अद्भुताभासातून निपजणारे आहे. अद्भुतावरचा विश्वास ढळला की ते उमलते. पुढील कादंबऱ्यांत मात्र मौलिक स्थित्यंतर घडते. तेथे अद्भुत खरे मानले जाते, त्याचे नियम काटेकोरपणे पाळले जातात, आणि हास्य निर्माण होते ते त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या माणसांच्या वर्तनातून.

‘गार्ड्स! गार्ड्स!’ (1989) ही कादंबरी याचा चांगला दाखला होय. अंख-मॉरपॉर्क या महानगरात एक गुप्त मंडळ चोरलेल्या ग्रंथाच्या साहाय्याने ड्रॅगन अवतरविते. त्याला ठार केल्याचा देखावा करून आपल्या हातातील बाहुला राजपदी बसवावा, असा बेत असतो. प्रत्यक्षात ड्रॅगन स्वतःच सिंहासनावर बसतो. येथपर्यंतची कल्पना केवळ चतुर आहे. तिचे मोल वाढते ते पुढे, जेव्हा प्रतिष्ठित नागरिक या राजाच्या तरुणीबळीच्या मागणीशी जुळवून घेऊ लागतात आणि त्या तडजोडीला व्यवहारी शहाणपणाचे नाव देतात. ड्रॅगनाची आग खरी आहे, म्हणूनच सभ्य माणसांचे हे समजूतदार बोलणे एकाच वेळी हास्यास्पद आणि भयावह होते. ड्रॅगन नकली असता तर त्यांची लाचारीही नकली ठरली असती. हे समजण्यासाठी मकॅफ्री वाचण्याची गरज नाही. सत्तेपुढे झुकणारे समाज सर्वत्र आहेत.

मृत्यू या पात्राबाबत हे आणखी स्पष्ट होते. पांढऱ्या घोड्यावरून येणारा हा सांगाडा ‘मॉर्ट’ (1987) मध्ये शिकाऊ उमेदवार नेमतो. त्याला मांजरे आवडतात, रस्साही रुचतो. ‘रीपर मॅन’ (1991) मध्ये त्याला सेवेतून दूर केले जाते आणि तो एका वृद्धेच्या शेतावर गडी म्हणून राबतो. अखेरीस तिच्यासाठी तो थोडा वेळ मागून घेतो. भारतीय वाचकाला बोलणारा, नियमांनी बांधलेला मृत्यू नवा नाही. कठोपनिषदातील यम अतिथी तीन रात्री उपाशी राहिला म्हणून ओशाळून तीन वर देतो. सावित्रीपुढे तो स्वतःच्याच शब्दात अडकतो. साम्य लक्षणीय असले तरी भेद अधिक बोलका आहे. यम हा धर्मराजही आहे, तो न्याय करतो. प्रॅचेटचा मृत्यू कोणाचाही निवाडा करीत नाही. विश्वात न्यायाची सोय नाही, हे ठाऊक असूनही तो माणसांविषयी ममत्व बाळगतो, आणि या मालेतील हास्याला करुणेची जोड मिळते ती येथे.

हेच पात्र अनुवादाचा एक मार्मिक प्रश्न उपस्थित करते. फ्रेंच आणि रशियन भाषांत मृत्युवाचक शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे तेथील अनुवादकापुढे आरंभीच अडचण येते. मराठीत ‘मृत्यू’ पुल्लिंगी असल्याने ती उद्भवत नाही. मात्र इंग्रजीत या पात्राचे सर्व बोलणे अवतरणचिन्हांविना मोठ्या लिपीच्या अक्षरांत छापले जाते, आणि देवनागरीत लहानमोठ्या अक्षरांचा असा भेदच नाही. संस्कृतप्रचुर भाषा वापरून गांभीर्य आणण्याचा मोह होईल. पण तो टाळावयास हवा. मूळ गंमत अशी की अक्षरे शिलालेखासारखी आणि शब्द साधे, घरगुती असतात. म्हणून मराठीत ठळक मुद्रण आणि रोजची बोली यांचा संयोग मूळ रचनेच्या अधिक जवळ जाईल.

या मालेचे यश सर्वत्र सारखे नाही. ‘इंटरेस्टिंग टाइम्स’ (1994) मधील अगाटियन साम्राज्य चिनी आणि जपानी तपशिलांची सरमिसळ करून रचलेले आहे. पूर्वेविषयीच्या तयार कल्पनांवर ते पुष्कळ विसंबते. याउलट ‘जिंगो’ (1997) मध्ये समुद्रातून अचानक वर आलेल्या बेटासाठी अंख-मॉरपॉर्क आणि क्लाच ही राष्ट्रे युद्धास सज्ज होतात, आणि तेथे विनोदाचे लक्ष्य क्लाच नसून क्लाचविषयी सर्व काही ठाऊक असल्याची खात्री बाळगणारे अंख-मॉरपॉर्कचे नागरिक हे आहेत. पहिल्या कादंबरीत परकी माणसे नमुन्यादाखल येतात, दुसरीत त्यांना नमुना बनविणारी नजरच तपासली जाते. अद्भुताला खरे मानण्याची शिस्त जेथे सैल होते तेथे हास्यही स्वस्त होते, असा निष्कर्ष या तुलनेतून काढता येतो.

मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळात हळब्यांची ‘मुक्तामाला’ (1861) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (1868) यांसारख्या अद्भुतरम्य कृती प्रसिद्ध झाल्या. हरिभाऊंच्या सामाजिक वास्तवानंतर अद्भुत हे अपरिपक्वतेचे लक्षण मानले गेले, आणि विनोदाने चिमणरावासारख्या मध्यमवर्गीय घरात प्रामुख्याने वस्ती केली. हास्य आणि अद्भुत यांची संगत तुटली ती मुख्यतः छापील कादंबरीत. कोकणातील आणि गोव्यातील दशावतारात संकासुर आजही राक्षस असून प्रेक्षकांना हसवितो. नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून प्रसिद्ध केलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’मधील अमर अय्यारही याच जातकुळीचा होय. त्यामुळे ‘डिस्कवर्ल्ड’ मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. या मालेत प्रवेश करणाऱ्याने विडंबनाचा पहिला दरवाजा ओलांडून ‘मॉर्ट’ किंवा ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून प्रारंभ करावा, हे श्रेयस्कर. तेथे हसण्यासाठी दुसऱ्या संस्कृतीचे ग्रंथालय पाठीशी असावे लागत नाही. माणसांची ओळख असली म्हणजे पुरे.