फुटाळ्याची पाळ आणि फुटाळ्याची गॅलरी

(सदर, नागपूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मागे आवाज येतोय ना? बरं.

सुरुवातीलाच एक विचारतो. इथे सदरमध्ये राहणाऱ्यांपैकी किती जण कधी ना कधी फुटाळ्यावर नुसते बसायला गेले आहेत? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच. आता दुसरं. गेल्या वर्षभरात कोण गेलं? हात कमी झाले. आजचं बोलणं या दोन हातवारींच्या मधल्या फरकाबद्दल आहे. काही जण म्हणतील, सर, आमचं वय झालं, म्हणून जात नाही. तेही असेल. पण सगळंच वयावर ढकलता येणार नाही.

आपल्यासाठी फुटाळा म्हणजे काय होतं? लिबर्टीवरून निघायचं, सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून, नाहीतर सेमिनरी हिल्सच्या चढावरून. सायकल, मग लूना, मग पोट्ट्यांच्या मोटारसायकली. तलावाच्या काठी गाडी लावायची आणि पाण्याकडे तोंड करून बसायचं. समोर पाणी, पलीकडे झाडी, त्यामागे मावळणारा सूर्य. हातात भुट्टा, तिखट-मीठ-लिंबू लावलेला. खिशात पैसे असले तर चहा, नसले तर नाही. कोणी उठवायला येत नसे. फुटाळा चौपाटी हे नाव लोकांनीच दिलं, समुद्रापासून इतक्या दूरच्या शहराने स्वतःची केलेली ही एक गंमत.

आता जरा इतिहास, थोडक्यात. फुटाळा, म्हणजे जुना तेलंगखेडी तलाव, निसर्गाने दिलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस, भोसल्यांच्या काळात, तो बांधला गेला आणि बांधला गेला तो सिंचनासाठी. साधारण ६० एकरांचा. तलाव बांधायचा म्हणजे उतारावर आडवी मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा. नागपुरातले जुने तलाव बहुतेक याच रीतीचे. म्हणजे ज्या काठावर आपण बसत होतो तो काठ शोभेसाठी नव्हता, पाणी अडवून धरणारं ते मूळ बांधकामच होतं. बसण्याची जागा म्हणून ती कोणी आखली नव्हती. लोकांनी ती वापरून वापरून बसण्याची केली.

ठाण्याला मासुंदा तलाव आहे. ठाणेकर त्याला मासुंदा क्वचितच म्हणतात. ते म्हणतात तलावपाळी. "चल, तलावपाळीला जाऊ." नाव पाण्याचं नाही, काठाचं आहे. संध्याकाळी माणसं पाण्यापाशी जातात तेव्हा त्यांना हवा असतो काठ, हे त्या नावात आलं आहे. म्हणून तलावाच्या विकासाची पारख करताना मी आधी काठाकडे बघतो.

मग फुटाळ्याच्या काठाचं काय झालं? तिथे एक मोठा प्रकल्प आला. पाण्यात संगीत कारंजी, काठावर सुमारे ४,००० लोक बसतील अशी पायऱ्यापायऱ्यांची प्रेक्षक गॅलरी. शिवाय तरंगतं उपाहारगृह आणि पाण्यात कृत्रिम वडाचं झाड. २०२२ मध्ये चाचणीचे खेळ झाले. शहराच्या इतिहासाची कथा, संहिता गुलजारांची, हिंदी निवेदन अमिताभ बच्चन यांचं. लोटालोट झाली लोकांची. मी हे कुचेष्टेने सांगत नाही. आपल्या गावाची गोष्ट त्या आवाजात ऐकताना अंगावर काटा आला असं लोक म्हणाले, आणि ते खरंच म्हणाले.

पण समीक्षा करायची तर खेळाच्या रात्रीची करून भागत नाही. नाटकाची समीक्षा प्रयोगाच्या रात्री करतात. काठाची समीक्षा करायची ती एखाद्या साध्या सोमवारी, संध्याकाळी पाच वाजता. तेव्हा तिथे कोण आहे, काय करतं आहे, हे बघायचं.

गॅलरी आणि पाळ यांत फरक काय? दोन्हीकडे माणूस पाण्याकडे तोंड करून बसतो. वरवर तेच. पण गॅलरीचा प्रत्येक अवयव काहीतरी सुरू होण्याची वाट बघत असतो. पायऱ्या अशा का? मागच्याला पुढच्याचं डोकं आड येऊ नये म्हणून. सगळ्यांची तोंडं एका दिशेला का? कारण रंगमंच त्या दिशेला आहे. पाळीवर चार मित्र घोळका करून बसतात, कोणी पाण्याकडे पाठ करतं, कोणी उभं राहतं, म्हातारा-म्हातारी अर्धा तास न बोलता बसतात. पाळीवर माणूस बसतो, गॅलरीत तो बघतो. खेळ सुरू झाला की ध्वनिवर्धकाच्या आवाजात गप्पाच शक्य नाहीत. आणि खेळ नसला की? प्रयोग नसलेल्या दिवशीच्या नाट्यगृहात जाऊन कोणी बसत नाही.

आणि इथे तर नियमित खेळ सुरू होण्याआधीच प्रकरण न्यायालयात अडकलं. म्हणजे जुनी बैठक गेली आणि नव्या बैठकीला कारण मिळालं नाही, असा मोठा काळ गेला. हा नुसता दुर्दैवाचा भाग नाही. काठाचा उपयोग एकाच यंत्रावर टांगून ठेवला की यंत्र थांबलं की काठही थांबतो. भुट्टेवाल्याची शेगडी बंद पडली तर पलीकडे चहावाला असतो. चार हजारांच्या गॅलरीला असा शेजारी नाही.

न्यायालयाचं थोडं तपशिलात सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. स्वच्छ असोसिएशन या नागपूरच्या संस्थेने जनहित याचिका केली. म्हणणं असं, की फुटाळा ही पाणथळ जागा आहे आणि त्यात बांधकाम करता येणार नाही. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, तो कायम केला. फुटाळा कायद्याच्या अर्थाने पाणथळ जागा नाही. का? कारण २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतूनच काही जागा वगळल्या आहेत, उदाहरणार्थ सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेल्या. फुटाळा माणसाने सिंचनासाठी बांधला, म्हणून तो बाहेर. ही बांधकामं कायमस्वरूपी नाहीत, हेही मान्य झालं.

बऱ्याच लोकांनी बातमी इथपर्यंतच वाचली. एक बाजू म्हणाली जिंकलो, दुसरी म्हणाली हरलो. पण त्याच निकालात पुढे महत्त्वाची गोष्ट आहे. सार्वजनिक विश्वस्तपणाचं तत्त्व. १९९६ मध्ये हिमाचलात बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते आपल्या कायद्यात आणलं. नदी, किनारा, जंगल यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे, लोकांच्या वतीने सांभाळणारं आहे. फुटाळ्याच्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की हे तत्त्व फक्त निसर्गनिर्मित गोष्टींपुरतं नाही, माणसाने बांधलेल्या तलावांनाही ते लागू होतं. तलावात कायमस्वरूपी बांधकाम होऊ नये, तो स्वच्छ आणि नीट राखला जावा, ही जबाबदारी कायम राहिली.

म्हणजे पाणथळीचा दरवाजा बंद झाला, विश्वस्तपणाचा उघडला. आणि विश्वस्ताला प्रश्न विचारता येतो, की बाबा, ज्यांच्यासाठी तू हे सांभाळतोस त्यांना याचा उपयोग काय होतो आहे? पाणथळ आहे की नाही हा वकिलांचा प्रश्न. काठावर कोण बसू शकतं, हा आपला.

आता दुसरी बाजू मांडतो, नाहीतर हे स्मरणरंजन होईल. जुना फुटाळा काही स्वर्ग नव्हता. काठावर प्लास्टिक असे. रात्री दारूच्या बाटल्या. गाड्यांची कसरत करणारी पोट्टी. तिथे एकट्या मुलीला निवांत बसता येत होतं का? माझ्या वयाच्या पुरुषांनी याचं उत्तर देऊ नये, बहिणींना विचारावं. स्वच्छतागृह नाही, उजेड नाही. म्हणजे "लोकांचा काठ" म्हणताना त्यातले लोक बहुतेक पुरुष होते, हे कबूल करायला पाहिजे. उजेड, रुंद पदपथ, बसायला स्वच्छ जागा ही मागणी खरी होती. माझी तक्रार एवढीच, की या मागणीसाठी दिवे आणि संडास पुरले असते. उत्तर म्हणून आलं थिएटर.

गणपतीचंही तसंच. अनेक वर्षं शहरातलं मोठं विसर्जन फुटाळ्यावर व्हायचं. ते थांबलं, मोठ्या मूर्तींना कोराडीचा रस्ता दाखवला गेला. प्लास्टर आणि रासायनिक रंग पाण्यात जाऊ नयेत, हे कारण मला पटतं. पण मग मोजमाप एकच ठेवा. पाण्यासाठी भाविकांनी जुनी रीत सोडली. त्याच पाण्यात यंत्रं, केबल आणि लोखंडी वड उतरवताना तितकीच कडक चौकशी लोकांसमोर व्हायला हवी होती. आणि वडाचंच म्हणाल तर आपल्याकडे खरे वड काय कमी आहेत का हो? त्याखाली पार असतो, पारावर माणूस बसतो. पाण्यातल्या वडाखाली कोण बसणार?

हे फक्त नागपुरात नाही. अहमदाबादच्या साबरमतीचा काठ सगळ्या देशाला चित्र म्हणून दाखवला जातो. सिमेंटचा सरळ काठ, फिरायला लांबलचक वाट. फिरणाऱ्यांना ती आवडते, नाकारायचं कारण नाही. पण तिथल्या वाळूत भरणारा जुना रविवारचा बाजार हलवावा लागला आणि काठावरच्या हजारो घरांना उठावं लागलं. काठ सरळ केला की त्यावरचं वेडंवाकडं जगणं बसत नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या काठाबद्दल वाद चालू आहे तो याच चित्रावरून.

म्हणून मी तीन साध्या कसोट्या सुचवतो. कोणत्याही तलावाचा, नदीचा आराखडा समोर आला की विचारायच्या. एक, इथे एक रुपया न खर्चता एक तास बसता येईल का? दोन, यंत्र, वीज, ठेकेदार यांतलं काहीही बंद असलं तरी या जागेला अर्थ उरेल का? तीन, पूर्वी इथे पोट भरणाऱ्या हातगाडीवाल्याला नकाशात जागा आहे का, आणि पूर्वी इथे येता न येणाऱ्या बाईला नव्याने जागा झाली आहे का? तिसरी कसोटी मुद्दाम जोडीने ठेवली आहे. एकाची जागा काढून दुसऱ्याला द्यायची गरज नाही, काठ लांब आहे.

या कसोट्यांवर जुना फुटाळा पहिल्या दोन्हींत उत्तीर्ण आणि तिसऱ्यात अर्धा. नवा फुटाळा पहिलीत कसाबसा, दुसरीत नापास. तिसरी तुम्ही जाऊन तपासा.

निकाल लागला आहे, गॅलरी पाडा असं मी म्हणत नाही. ती आहेच, तर तिची पाळ करता येईल. काही भाग घोळक्याने बसण्यासारखा करा. सावली द्या, खऱ्या झाडांची. भुट्टेवाल्यांना परवाने आणि ठरलेल्या जागा द्या. कारंजी चालवायचीच तर आठवड्यातले ठरावीक दिवस चालवा आणि बाकीचे दिवस पाण्याला शांत राहू द्या. तिकीट लागणार असेल तर काठाचा कोणता भाग कायम मोफत राहणार, ते लेखी जाहीर करा. यातल्या एकाही गोष्टीला कोट्यवधी लागत नाहीत.

आणि आपलं काम? या आठवड्यात, सुट्टीचा दिवस सोडून, संध्याकाळी फुटाळ्यावर जा. बसा अर्धा तास. किती जण नुसते बसले आहेत, मोजा. पुढच्या वेळी आपण हात वर करू तेव्हा तो आकडा सोबत आणा.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.