'दिवास्वप्न'मधला पहिला दिवस

गिजुभाई बधेका मूळचे वकील. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात 1920पासून त्यांनी मुलांसोबत काम केले. त्या अनुभवातून आलेली 'दिवास्वप्न' ही छोटी गुजराती कादंबरी पुढे अनेक भारतीय भाषांत पोहोचली. प्रेरणादायी पुस्तक म्हणून तिचे कौतुक होते. मला मात्र ती शिक्षकाच्या धारणांची गोष्ट वाटते.

लक्ष्मीराम प्राथमिक शाळेतला चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. वर्षअखेरीस परीक्षेत निकाल दिसला पाहिजे, या अटीवर शिक्षणाधिकारी परवानगी देतात. पहिल्याच दिवशी तो माँटेसरीच्या पद्धतीतला शांततेचा खेळ घ्यायला जातो. मुले गोंगाट करतात आणि सगळा बेत फसतो. 'ही मुले अशीच' असे म्हणून मोकळे होणे त्याला सहज शक्य होते. तो तसे करत नाही. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. मुलांना शिकायचे असते, हा त्याचा विश्वास टिकतो, बदलते ती पद्धत. शिक्षक मनापासून काय मानतो, हे अशा फजितीच्या वेळीच कळते. मला कादंबरीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे मात्र लेखक नायकाला झुकते माप देतो. घोकंपट्टी आणि धाक यांवर विसंबणाऱ्या सहकाऱ्यांची बाजू पुरेशी उलगडत नाही. अभ्यासक्रम संपवणे, निकाल लावणे, वरिष्ठांना उत्तर देणे यांतून त्यांची मते घट्ट झालेली असतात. शिवाय त्यांतले बहुतेक स्वतःही त्याच धाकात शिकलेले असणार. लक्ष्मीरामला मिळालेली मोकळीक त्यांच्या वाट्याला आलेली नाही. प्रयोगकर्त्याचा उत्साह आणि नोकरदाराची भीती एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली. त्या कायद्याने छडी खाली ठेवता येते. 'धाकाशिवाय मूल शिकत नाही' हे मत टोमण्यांत आणि गृहपाठाच्या ओझ्यात शिल्लक राहते. म्हणून डी.एड., बी.एड.च्या वर्गात 'दिवास्वप्न' वाचताना लक्ष्मीरामच्या यशापाशी थांबू नये. त्याच्या सहकाऱ्यांच्या जागी बसून प्रत्येक भावी शिक्षकाने स्वतःला विचारावे: मुलांबद्दल मी जे खरे मानतो, ते मी कुणाच्या वर्गात शिकलो?