चाचणीत पास, पोटात नापास

औषधाच्या पिशवीवर 'निर्जंतुक' हा शब्द छापलेला दिसला की आपला जीव भांड्यात पडतो. शाळेतही आपण साधारणपणे हेच शिकवतो. पाणी उकळा, गाळा, दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे ठेवा, जंतू मेले की काम झाले. हे शिकवणे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते किती अपुरे आहे याचा अनुभव २००१-०२ च्या सुमारास युरोपातील काही मूत्रपिंडरुग्णांनी आपल्या पोटावर सोसून घेतला. त्यांना दिलेले द्रावण निर्जंतुक होते. ते औषधसंहितेच्या सर्व कसोट्यांना उतरलेले होते. तरीही त्याने त्यांना आजारी पाडले.

हे प्रकरण समजण्यासाठी घरी केल्या जाणाऱ्या डायलिसिसची थोडी ओळख हवी. डायलिसिस म्हटले की यंत्रातून फिरणारे रक्त आपल्या डोळ्यांपुढे येते. दुसऱ्या एका पद्धतीत मात्र रक्त शरीराबाहेर काढावेच लागत नाही. आपल्या पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असते, त्याला पर्युदर म्हणतात. त्यात रक्तकेशिकांचे दाट जाळे असते. पोटात कायमची बसवलेली एक नळी असते. तिच्यातून साधारण दोन लिटर द्रावण आत सोडले जाते. काही तासांत रक्तातील यूरिया आणि इतर टाकाऊ पदार्थ विसरणाने द्रावणात उतरतात, जादा पाणी परासरणाने ओढले जाते, आणि मग ते द्रावण काढून टाकून नवे भरतात. दिवसातून चार वेळा हे केले तर आठ लिटर झाले, म्हणजे वर्षाला सुमारे २,९०० लिटर! एवढे द्रव ज्याच्या पोटात जाते त्याच्या दृष्टीने द्रावणातील अत्यल्प अशुद्धीही अत्यल्प राहत नाही.

पाणी ओढून घेण्यासाठी द्रावणात बहुधा ग्लुकोज घालतात. पण ग्लुकोजचा रेणू लहान असल्यामुळे तो हळूहळू रक्तात शोषला जातो आणि द्रावणाची ओढ कमी होते. म्हणून रात्रभर किंवा दिवसभर पोटात ठेवायच्या फेरीसाठी आयकोडेक्स्ट्रिन नावाचे, ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचे बहुवारिक वापरतात. ते मक्याच्या स्टार्चपासून तयार होते. बॅक्स्टर कंपनी हे द्रावण 'एक्स्ट्रानील' या नावाने विकत असे. सप्टेंबर २००१ ते जानेवारी २००३ या काळात हे द्रावण वापरणाऱ्या रुग्णांपैकी १८६ जणांच्या बाबतीत पर्युदरशोथाच्या, म्हणजे पोटाच्या अस्तराला सूज आल्याच्या तक्रारी कंपनीकडे पोहोचल्या. बाहेर येणारे द्रावण गढूळ होते, म्हणजे त्यात पांढऱ्या पेशी होत्या. पण ते संवर्धन माध्यमावर लावले तर जंतू उगवत नव्हते. अखेर २००२ साली कंपनीने या द्रावणाचे अनेक गट बाजारातून परत मागवले.

चाचण्या काय पाहत होत्या?

विसाव्या शतकाच्या आरंभी शिरेतून दिलेल्या इंजेक्शनानंतर रुग्णांना थंडी वाजून ताप येई. फ्लोरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधिकेने १९२० च्या दशकात याचे कारण शोधून काढले. ऊर्ध्वपातित पाण्यात जंतू जिवंत नसले तरी त्यांचे अवशेष उरतात आणि तेच ताप आणतात. 'निर्जंतुक' आणि 'निर्धोक' हे दोन वेगळे शब्द आहेत हे तेव्हाच सिद्ध झाले होते. त्यातून सशावरची चाचणी आली. द्रावण सशाच्या शिरेत टोचायचे आणि त्याचे तापमान वाढते का ते पाहायचे. १९४२ मध्ये ही चाचणी अमेरिकेच्या औषधसंहितेत दाखल झाली.

पुढे बँग आणि लेव्हिन यांच्या संशोधनातून दुसरी चाचणी निघाली. घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक प्राचीन सागरी प्राणी आहे, त्याला लिम्युलस म्हणतात. त्याच्या रक्तपेशींचा अर्क एंडोटॉक्सिनच्या संपर्कात आला की गोठतो. एंडोटॉक्सिन हा ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्य पटलातील पदार्थ आहे. ही चाचणी इतकी संवेदनशील आहे की तिने सशांची जागा बव्हंशी घेतली. एक्स्ट्रानीलची पिशवी या दोन्ही चाचण्यांत उत्तीर्ण होती.

मग पोटात दाह कशाने झाला? शोध घेतल्यावर उत्पादनप्रक्रियेत ॲलिसायक्लोबॅसिलस ॲसिडोकॅल्डेरियस या जीवाणूचा शिरकाव झाल्याचे आढळले. याच्या कुळातले जीवाणू यलोस्टोनच्या उकळत्या, आम्लधर्मी झऱ्यांत सापडलेले आहेत. साठ अंशांच्या आसपासची उष्णता त्यांना मानवते. अंतिम निर्जंतुकीकरणात हे जीवाणू मेले, यात शंका नाही. परंतु त्यांच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनचे तुकडे द्रावणात राहिले. जिवंत जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून असे तुकडे सहज पार होतात.

आपण अकरावी-बारावीला ग्रॅम-रंजन शिकवतो. जांभळे ते ग्रॅम-धन, गुलाबी ते ग्रॅम-ऋण. हा फरक पुष्कळ विद्यार्थ्यांना परीक्षेपुरता वाटतो. येथे सारे प्रकरण त्याच फरकावर उभे आहे. हा जीवाणू ग्रॅम-धन प्रकारच्या पेशीभित्तिकेचा, म्हणजे त्याच्यापाशी पेप्टिडोग्लायकन भरपूर पण एंडोटॉक्सिन नाही. लिम्युलस चाचणी एंडोटॉक्सिन शोधत होती. तिने 'नाही' म्हटले आणि ते खरेच होते. ससा शिरेत टोचलेल्या मात्रेने येणारा ताप दाखवत होता; पेप्टिडोग्लायकनची ताप आणण्याची शक्ती त्या मानाने बरीच कमी असल्याने तोही गप्प राहिला. प्रत्यक्षात द्रावण शिरेत जाणार नव्हते. ते लिटरांच्या हिशेबाने, तासन्‌तास, रोज पोटाच्या नाजूक अस्तराला लागून राहणार होते. ज्याने पेप्टिडोग्लायकन दाखवून दिले ते अभिकारक रेशमाच्या किड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेले होते! एका प्राण्याच्या रक्ताला जे दिसले नाही ते दुसऱ्याच्या रक्ताला दिसले.

शोधनिबंधाचे मोल आणि मर्यादा

हे सारे २००५ साली 'द लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकांमध्ये कंपनीचे शास्त्रज्ञ होते. स्वतःच्या उत्पादनातील दोष असा उघड्यावर मांडणे ही चांगली गोष्ट आहे. तरीही निबंध चिकित्सकपणे वाचायला हवा. १८६ हा आकडा पोहोचलेल्या तक्रारींचा आहे. ज्यांनी तक्रार केली नाही, किंवा ज्यांच्या डॉक्टरांनी नेहमीचा जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके दिली आणि विषय तेथेच संपला, ते यात येत नाहीत. दुसरे असे की, पेप्टिडोग्लायकनची तपासणी सुरू केल्यावर तक्रारी घटल्या, हा पुरावा 'आधी आणि नंतर' या प्रकारचा आहे. तुलनेसाठी वेगळा गट नाही. एवढ्यावरच निष्कर्ष उभा असता तर तो डळमळीत ठरला असता. परंतु उंदरांच्या पोटात पेप्टिडोग्लायकन सोडल्यावरही तसाच जंतुविरहित दाह झाला, आणि मानवी रक्तातील पांढऱ्या पेशींनी दूषित द्रावणाला दाहकारक प्रथिन स्रवून प्रतिसाद दिला. तीन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी येतात, म्हणून निष्कर्ष पटतो.

माझा खरा आक्षेप निबंधावर नाही. तो आहे 'संहितेप्रमाणे उत्तीर्ण' या शब्दांच्या वापरावर. उत्तीर्ण याचा अर्थ एवढाच की, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली. न विचारलेल्या प्रश्नांबद्दल ते प्रमाणपत्र मुके असते. हा मुकेपणा घरी डायलिसिस करणाऱ्याला फार महाग पडतो. पोट दुखू लागले, द्रावण गढूळ आले, की पहिला संशय जातो तो त्याच्याच हातांवर. हात नीट धुतले नसतील, नळी जोडताना बोट लागले असेल! पुष्कळदा तो संशय खराही असतो. पण पिशवी निर्दोष असल्याचे आधीच ठरलेले असेल, तर दोषी म्हणून उरतो तो फक्त रुग्ण. १८६ तक्रारी एकत्र येऊन मोजल्या गेल्या नसत्या, तर प्रत्येक तक्रार आपापल्या घरात एकेका रुग्णाची निष्काळजी म्हणून जिरून गेली असती.

संहिता बदलतात, पण सावकाश. मानवी पांढऱ्या पेशींवरची चाचणी युरोपीय औषधसंहितेत २०१० साली आली. ती एंडोटॉक्सिनखेरीज इतर तापकारकांनाही ओळखते. सशावरची चाचणी काढून टाकण्याचा निर्णय व्हायला २०२४ साल उजाडले.

चाचणी योग्य असली तरी?

समजा, प्रश्नही बरोबर विचारला आहे. तरी एक अडचण उरते. २०१० च्या अखेरीस त्याच कंपनीच्या आयर्लंडमधील कॅसलबार येथील कारखान्यात तयार झालेल्या पर्युदर-डायलिसिसच्या द्रावणांत एंडोटॉक्सिन आढळले. म्हणजे जो पदार्थ लिम्युलस चाचणीला चांगला ओळखू येतो, तोच! युरोपीय औषध संस्थेने चौकशी केली तेव्हा कारखान्यातील दोन टाक्यांना तडे गेल्याचे निष्पन्न झाले. दूषितपणा सर्व पिशव्यांत सारखा नव्हता.

येथे वर्गात एक सोपे गणित मांडता येईल. हजारांत एक पिशवी दूषित आहे आणि आपण कोणत्याही दहा पिशव्या तपासल्या, असे समजू. एकही दूषित पिशवी हाती न लागण्याची संभाव्यता ०.९९९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.९९. शंभरांतून नव्व्याण्णव वेळा सदोष गट पास होणार! म्हणूनच अखेरच्या तपासणीवर विसंबून चालत नाही. टाकी, नळी, गाळणी, पाणी या प्रत्येक टप्प्यावर लक्ष ठेवावे लागते. आणि सारे द्रावण एकदम परत मागवावे, तर रुग्णांनी दुसऱ्या दिवशी काय वापरायचे? इतर देशांतील कारखान्यांतून माल येईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. मोजक्या कारखान्यांवर हजारो जीव अवलंबून ठेवणे हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला आणि २०१९ साली त्यात पर्युदर-डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना आल्या. आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे ज्याला परवडत नाही, अशा खेड्यातील रुग्णाला ही पद्धत मोठा आधार ठरू शकते, आणि वरील हकिकतीमुळे कोणी ती सोडू नये. मात्र त्या घरात तपासनीस एकच असतो, तो म्हणजे रुग्ण किंवा त्याची काळजी घेणारे माणूस. निचरा झालेली पिशवी छापील कागदावर ठेवावी आणि पलीकडची अक्षरे वाचता येतात का ते पाहावे, ही साधी परीक्षा त्यांना शिकवलेली असते. अक्षरे दिसेनाशी झाली तर वेळ न दवडता डॉक्टरांना कळवावे, पिशवी फेकू नये, तिच्यावरील गट क्रमांक लिहून ठेवावा. तो क्रमांक सांगितला तरच एका घरातील दुखणे दुसऱ्या घरातील दुखण्याशी जोडता येते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. निर्जंतुकीकरणाचा धडा घेताना मुलांपुढे कोणत्याही चाचणीबद्दल तीन प्रश्न ठेवावेत. ही चाचणी नेमके काय शोधते? काय असूनही तिला दिसणार नाही? किती नमुने तपासून ती संपूर्ण मालाबद्दल बोलते? पिण्याच्या पाण्याच्या अहवालापासून दुधाच्या भेसळीपर्यंत सगळीकडे हे प्रश्न उपयोगी पडतील. उद्या यांतलाच एखादा विद्यार्थी औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसेल आणि अहवालावर 'उत्तीर्ण' असे लिहील. त्या वेळी हे तीन प्रश्न त्याला आठवले पाहिजेत.