धुराडं नसलेल्या उद्योगाचं काय?

उद्योगांच्या प्रदूषण नियमनावर संशोधन करायचं ठरवलंत, तर एक पेपर तुमच्यापुढे येणारच. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांचा, 2013 साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आलेला, गुजरातमधल्या पर्यावरण ऑडिटरांवरचा. तो वाचाच. पण तो हातात धरून थेट मारुंजीत उतरू नका, एवढंच सांगायला हा लेख.

आधी पेपर काय करतो ते बघू. गुजरातमध्ये कारखानदारच आपला ऑडिटर निवडायचा आणि त्याचे पैसेही तोच द्यायचा. संशोधकांनी 473 कारखाने घेतले. त्यातल्या काहींना चिठ्ठ्या टाकून ऑडिटर नेमून दिले, त्यांचं मानधन सामायिक निधीतून ठरावीक दराने दिलं, आणि काही मोजमापं दुसऱ्या पथकाकडून पुन्हा करून घेतली. दुसऱ्या वर्षी मानधन अचूकतेला जोडलं. जुन्या पद्धतीत ऑडिटरांच्या अहवालानुसार धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने होते 7 टक्के. फेरतपासणीत निघाले 59 टक्के! नव्या पद्धतीत खोटा ‘सगळं ठीक’ शेरा मिळण्याचं प्रमाण 80 टक्क्यांनी घटलं, आणि कारखान्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जनही कमी झालं.

या पेपरची खरी ताकद सांख्यिकीत नाही, तर फेरतपासणीत आहे. कागदावर आलेला आकडा हा कुणीतरी, कुठल्यातरी हेतूने लिहिलेला असतो, हे त्यांनी गृहीत धरलं. सरकारी कागदपत्रांवर प्रबंध उभा करणाऱ्यांनी हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावं.

मग अडचण कुठे आहे? पेपर तीन गोष्टी न बोलता धरून चालतो. उद्योगाला धुराडं आहे. प्रदूषण कमी कसं करायचं हे मालकाला ठाऊक आहे, फक्त तसं करण्याची गरज त्याला वाटत नाही. आणि कारखाना उद्याही त्याच जागी असणार आहे. जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांपुरतं हे चालतं, आणि लेखकांचा नमुना तसाच होता. ओढाताण आपण करतो, तोच निष्कर्ष ‘लघुउद्योग’ नावाच्या गाठोड्यावर लावून.

आता मारुंजीकडे बघा. शेजारी हिंजवडीचं आयटी पार्क, भोवती उंच इमारती, आणि त्या इमारतींना काँक्रीट पुरवणारे आरएमसी प्लांट. या पट्ट्यातले रहिवासी धुळीच्या तक्रारी करत आले आहेत. पण ही धूळ येते कुठून? खडी-वाळूच्या उघड्या ढिगांतून, सिमेंटचा सायलो भरताना, आवारातल्या कच्च्या रस्त्यावरून, ट्रकच्या चाकांना लागून. यात मोजमापाची नळी घालायला धुराडंच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2016 च्या वर्गवारीत असे प्लांट ‘हिरव्या’ गटात, म्हणजे कमी प्रदूषणाच्या यादीत होते. हवेतलं पीएम 10 मोजावं, तर त्याची 24 तासांची मर्यादा 100 मायक्रोग्रॅम. पण ती ओलांडली कुणी? प्लांटने, शेजारच्या बांधकामाने, की रस्त्याने? इथे ऑडिटर कितीही प्रामाणिक असला, तरी मोजायचं काय हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्रातही हीच मर्यादा दिसते. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2017 मध्ये उद्योगांना एक ते पाच तारे देणारी योजना आणली. माहिती लोकांसमोर ठेवण्याची कल्पना चांगली, पण तारे मिळणार धुराड्यातल्या मोजणीवरून. मोजता येतं तेच नियमन, असं होऊन बसतं.

दुसरं गृहीतक: मालकाला करायचं नाही की जमत नाही? जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. एखाद्या बेकरीवाल्याने ते केलं नाही, तर तो टाळतोय, की भाड्याच्या जागेत नवी भट्टी बसवायला मालक हो म्हणत नाही, की कर्ज मिळत नाही? गुजरातच्या प्रयोगाची रचना हा फरक शोधण्यासाठी नव्हतीच. पण लघुउद्योगांना ‘मदत’ करायची, तर सगळा प्रश्न याच फरकाचा आहे. टाळणाऱ्याला तपासणी लागते. न जमणाऱ्याला तपासणी वाढवून फक्त दंड मिळतो.

तिसरं गृहीतक कुदळवाडीत कोसळतं. फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली भंगाराची दुकानं, गोदामं, छोटे कारखाने मोठ्या प्रमाणावर पाडले. समजा, आधीची आणि नंतरची हवा मोजली आणि ती सुधारलेली निघाली. तुम्ही काय लिहाल, नियमपालन वाढलं? उद्योग नमुन्यातूनच गेले. ते बंद पडले की दुसऱ्या गावात भट्टी लावून बसले, हे शोधल्याशिवाय तो आकडा काहीच सांगत नाही. आणि ते शोधायला माणसांच्या मागे फिरावं लागतं, नुसत्या यंत्राने भागत नाही.

म्हणून प्रस्ताव लिहिताना चार कामं करा. ‘लघु’ म्हणजे कोण ते आधी ठरवा. एप्रिल 2025 पासूनच्या व्याख्येत 100 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही लघुच आहे. धुराडं नसेल तर दिसणाऱ्या गोष्टी मोजा: ढीग झाकलेत का, पाणी मारतात का, चाकं धुऊन ट्रक बाहेर पडतो का. त्या न कळवता, वेगवेगळ्या वेळी बघा. फेरतपासणीचा धडा इथे कामी येतो. आणि नियम न पाळणाऱ्या प्रत्येकाला, दंडाची नव्हे, खर्चाची आणि जागेची गोष्ट विचारा.

मारुंजीतल्या खिडकीवर बसणारी धूळ खरी आहे, ती श्वासात जाते. त्याच प्लांटवर कुणाची मजुरीही आहे. तुमच्या निष्कर्षावरून उद्या कुणाला नोटीस जाईल आणि कुणाला कर्ज मिळेल. त्या दोघांना वेगळं ओळखता येत नसेल, तर पेपर छापून येईल, पण धूळ तिथेच राहील.