क्रम चुकलेले स्वर : नाताळचे एक प्रहसन आणि हास्याची श्रेणी

नैमित्तिक साहित्याकडे समीक्षा सहसा संशयाने पाहते. सणासाठी लिहिलेले सणाबरोबरच सरते, असा तिचा अलिखित संकेत असतो. दिवाळी अंकांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हा संकेत पूर्णतः मान्य होणे अवघड आहे. आपल्या कथावाङ्मयाचा मोठा भाग सणाच्या निमित्तानेच जन्माला आला. तरीही विनोद आणि निमित्त एकत्र आले की आपण तो प्रकार 'करमणूक' या सदरात टाकून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात अशाच एका दुहेरी उपेक्षेच्या कृतीचा विचार करावयाचा आहे. ती कृती म्हणजे बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवरून २५ डिसेंबर १९७१ रोजी प्रक्षेपित झालेला एरिक मोरकँब आणि अर्नी वाइज या जोडीचा नाताळचा कार्यक्रम. आणि त्यातही मुख्यतः ग्रीगच्या पियानो कन्चेर्टोचे प्रहसन.

प्रथम या कृतीची घडण पाहू. मोरकँब (१९२६–१९८४) लँकेशरमधील समुद्रकाठच्या एका गावातला. त्या गावाचेच नाव त्याने रंगभूमीवर धारण केले. वाइज (१९२५–१९९९) लीड्सच्या परिसरातला. दोघेही उत्तर इंग्लंडच्या श्रमिक वस्तीतून आलेले आणि पोरवयातच 'व्हरायटी' रंगभूमीवर एकत्र आलेले. १९६९ पासून लिव्हरपूलचा एडी ब्रेबन त्यांच्यासाठी लिहू लागला. निर्माता जॉन अमंड्झ. छोटी प्रहसने, गाणी, पडद्यापुढचे दोघांचे संवाद आणि अर्नीने 'लिहिलेले' एखादे भव्य व हास्यास्पद नाटक, असा या कार्यक्रमाचा साचा होता. नाताळच्या भागात या साच्यात प्रतिष्ठित पाहुण्यांची भर पडे. पाहुण्याचा अपमान व्हावा आणि त्याने तो घरच्या माणसासारखा सोसावा, हा या आतिथ्याचा नियम.

१९७१ च्या भागातील पाहुणा होता आंद्रे प्रेव्हिन, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा तत्कालीन प्रमुख संचालक. यहुदी मेन्युहिन वादक म्हणून येणार, अशी त्याची समजूत करून दिलेली आहे. प्रत्यक्षात वादक म्हणून उभा राहतो एरिक. तो प्रेव्हिनचे नावही नीट घेत नाही, 'प्रिव्ह्यू' म्हणतो. वाद्यवृंद सुरू होतो; संचालकाशेजारी उभा असलेला एरिक पियानोपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. मग तो सुचवतो की आरंभीचा वाद्यमेळ यार्डभर लांबवावा आणि त्यासाठी नॉर्वेत ग्रीगशी संपर्क साधावा. (ग्रीगचे निधन १९०७ सालचे.) पुढच्या प्रयत्नात पियानोच्या उघड्या झाकणाआड संचालक दिसत नाही, म्हणून प्रेव्हिनने उडी मारून इशारा द्यावयाचा. अखेर एरिक वाजवतो, आणि जे वाजते ते एखाद्या गुत्त्यातल्या पियानोवर शोभावे असे. सगळे स्वर चुकीचे वाजवत असल्याचे प्रेव्हिन त्याला सांगतो. एरिक उठतो, त्याचा कोट गळ्याशी धरतो आणि शांतपणे बजावतो की आपण स्वर सगळे योग्यच वाजवत आहोत, ते योग्य क्रमाने असतीलच असे मात्र नाही.

या उत्तराला हास्य मिळते ते शाब्दिक कोटीमुळे, असे वरवर वाटते. पण तेवढेच असते तर ते एकदाच हसवून गेले असते. प्रश्न असा आहे की येथे हास्याचा विषय कोण आहे? अडाणी वादक, गंभीर संचालक, की अभिजात संगीत?

नाट्यशास्त्राने हास्यरसाचे जे विभाव सांगितले, त्यांत विकृत वेष आणि असंबद्ध बडबड यांच्या जोडीला धार्ष्ट्य आहे. एरिकचे सारे अस्तित्व या धार्ष्ट्यावर उभे आहे. परंतु भरताचा याहून महत्त्वाचा विचार हास्याच्या श्रेणीचा आहे. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीचे, विहसित आणि उपहसित मध्यम प्रकृतीचे, अपहसित आणि अतिहसित अधम प्रकृतीचे, अशी ही विभागणी. हसण्याचा आवाज जितका मोठा तितका माणूस खालचा, ही यामागची समाजदृष्टी. वाद्यवृंदाचे सभागृह आणि 'व्हरायटी'चे थिएटर यांमधील भेद इंग्रजी समाजातही जवळजवळ असाच होता : तेथे खोकलाही दाबायचा, येथे मोकळेपणी खिदळायचे. प्रस्तुत प्रहसनात उत्तम प्रकृतीचा प्रतिनिधी स्मितही करीत नाही. प्रेव्हिनचा चेहरा अखेरपर्यंत स्थिर राहतो, आणि हे स्थैर्यच प्रहसनाचा कणा आहे. तो हसला असता तर श्रेणी कायम राहिली असती, कारण वरच्याने खालच्याला दाखविलेले ते सौजन्य ठरले असते. तो हसत नाही, याचा अर्थ तो एरिकशी संगीतकार म्हणून खरोखरीच वाद घालतो. ही बरोबरीची वागणूक आहे.

अशा कृतीला बाख्तीनची 'कार्निव्हल'ची संकल्पना लावण्याचा मोह होतो. सणाचा काळ, उच्च-नीचाची उलटापालट, विद्वानाची फजिती, सारी सामग्री तयार आहे. पण दोन कारणांनी ती येथे पुरेशी ठरत नाही. एक म्हणजे, बाख्तीनच्या कार्निव्हलमध्ये नट आणि प्रेक्षक असा भेद नसतो. येथे प्रेक्षक आपापल्या दिवाणखान्यात आहे आणि उलटापालटीचा परवाना राजसनदेने स्थापन झालेली संस्थाच देत आहे. दुसरे म्हणजे, येथे उलटापालट होतच नाही. वाद्यवृंद आपला भाग चोख वाजवतो. कन्चेर्टोच्या मूळ संहितेला कोणी हात लावीत नाही. विनोद कळण्यासाठी खरा आरंभ कानांवर पडावाच लागतो. विडंबनकार मूळ कृतीचा वैरी नसतो, तो तिच्या प्रतिष्ठेवर जगतो, हे सूत्र येथे शब्दशः खरे आहे.

बर्गसाँची उपपत्तीही अर्ध्या वाटेवर थांबते. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात त्याने हास्याला समाजाच्या हातातील सुधारणेचे साधन मानले. ज्याला हसले जाते त्याने आपले वागणे सुधारावे, हा त्याचा हेतू. एरिक मात्र सुधारत नाही. प्रेव्हिन स्वतः पियानोवर बसून तो भाग निर्दोष वाजवून दाखवतो. एरिक ऐकतो, क्षणभर विचार करतो आणि तो टाकाऊ ठरवून निघून जाऊ लागतो. मग प्रेव्हिन एरिकच्या पद्धतीने वाजवू लागतो, आणि दोघे आनंदाने परत येऊन नाचू लागतात. सुधारतो तो पंडित. मात्र पंडिताला हे येते, कारण दोन्ही क्रम त्याच्या बोटांत आहेत. एरिकला एकच येतो. ही विषमता प्रहसन लपवीत नाही.

येथे प्रेव्हिनचे चरित्र संहितेबाहेरचे राहत नाही. १९२९ साली बर्लिनमध्ये जन्मलेला, नात्सी राजवटीमुळे कुटुंबासह अमेरिकेत गेलेला हा ज्यू संगीतकार हॉलिवुडच्या चित्रपटसंगीतात आणि जॅझमध्ये नावारूपाला आला होता. अशा पूर्वायुष्याकडे अभिजात संगीताचे सोवळे रक्षक काहीशा कुत्सितपणे पाहत. म्हणजे त्या मंचावर समोरासमोर उभे असलेले दोघेही आपापल्या परीने दुसऱ्या दालनातून आलेले होते. एकाने प्रवेशपत्र मिळविले होते, दुसरा धक्का देऊन आत शिरत होता. प्रेव्हिनच्या मुद्रेवरील गांभीर्याला यामुळे एक जास्तीचा अर्थ प्राप्त होतो.

या प्रहसनाचा एक पूर्वावतार होता. १९६० च्या दशकात एटीव्हीवरील आपल्या मालिकेत हीच कल्पना जोडीने वापरली होती. ती सिड ग्रीन आणि डिक हिल्स या लेखकांची. तेव्हा संचालकाच्या जागी खरा संचालक नव्हता, त्यामुळे ते दोन विदूषकांमधले भांडण राहिले. कल्पना तीच असूनही नवी कृती निराळी झाली, ती पाहुण्याने आपली खरी प्रतिष्ठा पणाला लावल्यामुळे. आजारी आईला भेटण्यासाठी प्रेव्हिनला अमेरिकेला जावे लागले होते आणि परतल्यावर विमानतळावरून येताना मोटारीत त्याने संवाद पाठ केले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. तालमीचा हा अभाव अभिनयात कोठेही जाणवत नाही. संगीतकाराची कालाची जाण त्याला उपयोगी पडली असावी.

परंतु 'सारे राष्ट्र एकत्र हसले' या कौतुकाकडे सावधपणे पाहिले पाहिजे. १९७१ च्या ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीच्या वाहिन्या अवघ्या तीन होत्या. एकत्र हसणे ही काही अंशी निवडीच्या अभावाचीही गोष्ट होती. शिवाय हे 'सारे' कोण? याच बीबीसीवर १९५८ ते १९७८ पर्यंत गोरे गायक चेहऱ्याला काळा रंग फासून गाणी म्हणत, आणि तो कार्यक्रमही कौटुंबिक करमणूक म्हणूनच गणला जाई. त्या पार्श्वभूमीवर याच नाताळच्या भागातील शर्ली बॅसीचा प्रवेश पाहावा. कार्डिफच्या बंदरवस्तीत नायजेरियन पित्याच्या पोटी जन्मलेली ही गायिका जिन्यावरून गात उतरते, तिच्या बुटाची टाच पायरीत अडकते, आणि रंगमंचकामगारांच्या वेषातील एरिक-अर्नी तो बूट काढून तिच्या पायात लष्करी बूट चढवतात. ती गाणे थांबवीत नाही. येथेही हास्य तिच्या ऐश्वर्यावर आधारलेले आहे. तिच्या पायाशी वाकलेले दोघे हास्यास्पद आहेत, ती नाही. रंग फासून केलेल्या नकलेत नक्कल करणारा सुरक्षित असतो आणि ज्याची नक्कल होते तो अनुपस्थित असतो. येथे बॅसी स्वतः उपस्थित आहे आणि तिच्या संमतीवाचून विनोद संभवत नाही. एका संध्याकाळच्या आतिथ्याने त्या संस्थेचा हिशेब चुकता होत नाही हे खरे. पण हास्याच्या दोन जातींमधला हा फरक पुसून टाकणेही योग्य नव्हे.

संमतीचे हे तत्त्व पुढे क्षीण झाले, असे माझे मत आहे. १९७६ च्या नाताळात वृत्तनिवेदिका अँजेला रिपन टेबलामागून उठून नाचली, तेव्हा त्यात तिचे स्वतःचे नृत्यकौशल्य होते. १९७७ च्या भागात मात्र अनेक निवेदक खलाशांच्या वेषात कोलांट्या मारताना दिसतात आणि त्या कोलांट्या दृश्यांच्या जोडणीतून साधलेल्या आहेत. तेथे पाहुण्याला काहीच पणाला लावावे लागत नाही. उलट कार्यक्रमात दिसणे हेच प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र झाले. त्या भागाला २ कोटी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभल्याचे बीबीसीच्या मोजणीवरून सांगितले जाते. दुसऱ्या मोजणीत ही संख्या २ कोटी १० लाखांच्या आसपास भरते. कोणताही आकडा घेतला तरी तो त्या प्रहसनाच्या गुणवत्तेविषयी काही सिद्ध करीत नाही. १९७१ चा भागही सर्वत्र सारखा सरस नाही. प्रसिद्ध चेहऱ्यांनी क्षणभर डोकावून जाण्याचे प्रसंग त्या काळाच्या ओळखीवर अवलंबून आहेत, आणि आज ते मुके वाटतात.

ग्रीगचे प्रहसन मात्र मुके झालेले नाही. तमाशातील सोंगाड्याशी परिचित असलेल्या आपल्या प्रेक्षकाला एरिक लगेच ओळखता येईल : गवळणीत देवालाही आडवे प्रश्न विचारणारा, आणि तरीही देवाचे देवपण न नाकारणारा. सोंगाड्याचे सामर्थ्य उत्तरात नसते, आपला प्रश्न विचारण्याजोगा आहे या त्याच्या निःशंक खात्रीत असते. योग्य स्वर आपल्यापाशीही आहेत, असे एरिक म्हणतो तेव्हा तो क्रमाचे महत्त्व नाकारीत नाही. स्वरांवरचा आपला हक्क तेवढा सांगतो. क्रम शिकता येतो. हक्क मात्र आधी मान्य व्हावा लागतो, आणि ज्यांना सभागृहाच्या दारातच थांबविले जाते त्यांना क्रम शिकण्याची संधी कोठून मिळणार? विनोदाला साहित्यविचाराच्या दाराशी थांबविणाऱ्या आपल्या समीक्षेनेही हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.